मोहाची प्रत: फुलापासून बाटलीपर्यंत

जर्मन वाइनची बाटली पहिल्यांदा हातात घेणारा माणूस लेबल पाहूनच गांगरतो. लांबलचक शब्द, गावाचं नाव, त्यापुढे मळ्याचं नाव, मग काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या. या पायऱ्यांमागची कल्पना मात्र अगदी सरळ आहे. द्राक्ष वेलीवरून उतरवलं तेव्हा त्यात साखर किती होती, एवढंच त्या सांगतात. फोर्त्सहाइम गावच्या फर्डिनांड एक्सले या सोनाराने एकोणिसाव्या शतकात रसाची घनता मोजणारं एक सुबक उपकरण प्रचारात आणलं. त्याच्याच नावाने आज अंश मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके एक्सले अंश. मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या रीसलिंग द्राक्षाचा रस सत्तर अंशांचा असेल तर वाइन काबिनेट म्हणवून घेऊ शकते. वेलीवरच सुकून मनुकेसारख्या झालेल्या द्राक्षांच्या सर्वांत वरच्या पायरीसाठी दीडशे अंश लागतात. १९७१ च्या कायद्याने साऱ्या पश्चिम जर्मनीसाठी ही उतरंड पक्की केली.

यात एक खुबी आहे, ती ठाऊक असली की निवड सोपी होते. पायरी द्राक्षाची गोडी सांगते, वाइनची नाही. श्पेटलेझे, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन, पूर्ण कोरडीही असू शकते. तशी असेल तर लेबलावर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असतं. तो शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहावा. आठ-नऊ टक्के असेल तर बरीचशी साखर न आंबता मागे राहिली आहे, वाइन गोड लागणार. बारा किंवा त्याहून जास्त असेल तर साखर जवळजवळ संपली आहे. २०२१ मध्ये जर्मनीने कायदा सुधारला आणि वजन साखरेकडून जागेकडे सरकवलं. आधी प्रदेश, मग त्यातला भाग, मग गाव, मग नेमका मळा. जागा जितकी नेमकी, तितका मान मोठा.

नंदुरबारच्या वाचकाने हे का वाचावं? कारण आपल्या जिल्ह्यात असंच एक पेय आहे. त्याची सारी गुणवत्ता साखरेवर, वेचणीच्या वेळेवर आणि झाड उभं आहे त्या उतारावर ठरते. मोझेलच्या पाटीच्या दगडाच्या उतारांची चर्चा जगभर चालते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातल्या मोहाबद्दल मात्र ‘मोहाची’ आणि ‘पहिल्या धारेची’ यापलीकडे कोणी काही विचारत नाही. मोह हा जगातल्या उत्तम मद्यांच्या कच्च्या मालाइतकाच बारकाईने पारखण्याजोगा आहे. त्याची पारख मागे पडली ती चवीमुळे नव्हे, दीडशे वर्षांच्या कायद्यामुळे. माझं हे ठाम मत आहे आणि ते मी पुढे मांडणार आहे.

आधी फूल पाहू.

मोह चिकूच्या कुळातला. फाल्गुनात पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे घोस लटकतात. ही फुलं रात्री उमलतात, कारण त्यांचे पाहुणे रात्रीचे असतात. फळं खाणारी मोठी वटवाघळं गोड पाकळ्यांसाठी येतात आणि परागीभवन करून जातात. पहाटे देठाजवळची पकड सुटते आणि फुलाची पाकळी-नळी, म्हणजे आपण ज्याला ‘मोहाचं फूल’ म्हणतो तो भाग, टपटप खाली पडतो. बोटांत धरून पाहा. फिकट पिवळसर, मोत्याएवढा ते बोराएवढा, मांसल, आतून पोकळ गोळा. दाबला की चिकट गोड रस येतो. वास पाठीमागे रेंगाळतो, थोडा उग्र, थोडा मधासारखा. ताज्या फुलाचं तीन चतुर्थांश वजन पाण्याचं असतं. उन्हात वाळलं की ते आक्रसतं, तांबूस होतं आणि त्याचं निम्म्याच्या आसपास वजन निव्वळ साखरेचं उरतं. द्राक्षाला ही गोडी गाठायला वेलीवर सुकावं लागतं. मोहाला दोन-चार दिवसांचं चैत्री ऊन पुरतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोलगी, धडगाव, तोरणमाळच्या वाड्या-पाड्यांवर दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. वेचणी बहुतेक बायका आणि मुलं करतात. झाडं जंगलात असोत की शेताच्या बांधावर, कोणतं झाड कोणत्या घरचं हे परंपरेने ठरलेलं असतं. लवकर जावं लागतं, कारण ऊन चढलं की पडलेलं फूल तापतं आणि जागेवरच आंबायला लागतं. शिवाय गुरं, हरणं, अस्वलं हेही दावेदार. मोहाखाली अस्वलाशी गाठ पडणं ही सातपुड्यातली जुनीच भीती आहे.

पारख इथूनच सुरू होते. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करण्याची पद्धत आहे. त्या राखेत आणि मातीत पडलेलं फूल चिकट असल्यामुळे दोन्ही अंगावर घेतं. धुवावं तर साखर वाहून जाते. न धुवावं तर माती आंबवणात जाते आणि गाळलेल्या दारूला जळकट, मातकट वास येतो. आगीचं दुसरं नुकसान उघड आहे: ती जंगलात पसरते आणि मोहाची नवी रोपं जाळून टाकते. म्हाताऱ्या मोहाखाली पोरवयाचा मोह दिसत नाही, त्याचं एक कारण हे. यावर उपाय साधा निघाला आहे. झाडाखाली जमिनीपासून वर जाळी बांधायची. फूल जाळीत पडतं, स्वच्छ राहतं, पाचोळा जाळावा लागत नाही. खाण्याच्या प्रतीचा मोह म्हणून त्याला वेगळा भाव मिळू शकतो. छत्तीसगडच्या कोरबा भागातून वाळवलेली मोहफुलं २०२१ मध्ये जहाजाने फ्रान्सला गेली. ज्या देशाने जगाला वाइन पारखायला शिकवलं, तो देश आपलं रानफूल विकत घेतो, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

वाळवण ही दुसरी पायरी, आणि इथे बायकांच्या हाताची नजर कामाला येते. पातळ थरात, वरचेवर हलवत वाळवलेलं फूल सोनेरी-तांबूस राहतं, एकमेकांना चिकटत नाही, मुठीत दाबून सोडलं तर सुटं होतं. जाड थरात टाकलेलं काळवंडतं, त्याचा गोळा होतो, वास आंबूस येतो. मधले पुंकेसर झटकून काढलेले असतील तर फूल स्वच्छ दिसतं. मग साठवण. मोह हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळा लागला की नीट न ठेवलेलं फूल काळं पडतं, बुरशी धरतं. ज्यांच्या घरात चांगली कोठी नाही ते एप्रिलमध्येच व्यापाऱ्याला विकून मोकळे होतात आणि त्याच फुलाची पावसाळ्यात गरज पडली की चढ्या भावाने परत घेतात. गौण वनोपजाच्या आधारभूत किमतीच्या योजनेत २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाला किलोला ३० रुपये भाव ठरला, आधी तो १७ होता. त्यात फुलांची प्रत हा विषय नाही. काळं आणि सोनेरी एकाच भावात. मोझेलचा शेतकरी दहा अंश जादा साखरेसाठी ऑक्टोबरच्या थंडीत वेलीवर द्राक्ष ठेवण्याचा धोका पत्करतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात. पाचोळा न जाळणाऱ्या, जाळी बांधणाऱ्या बाईला ते मिळाले तरच आपल्याकडे प्रत सुधारेल.

मोह म्हणजे फक्त दारू असं समजणारे बहुतेक लोक डोंगरात गेलेले नसतात. वाळलेली फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून, भगरीबरोबर शिजवून, पिठात घालून खातात. धान्य संपलेल्या दिवसांत याच फुलांनी घरं जगवली आहेत. बियांपासून तेल निघतं. आणि दारू तर जन्माला, लग्नाला, मृत्यूला, पिकाच्या पूजेला लागते. पहिले थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडल्याशिवाय भिल्ल-पावरा घरात प्यालं जात नाही. मोहाचा बहर आणि काठी गावची राजवाडी होळी एकाच ऋतूत येतात. हा ऋतूच इथल्या वर्षाचा मध्य आहे.

आता गाळण्याकडे येऊ. फुलं पाण्यात भिजवली की त्यांच्यावरच्याच नैसर्गिक यीस्टमुळे ती आंबू लागतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत काम होतं, थंडीत आठवडाभर किंवा जास्त. मग मडक्यात चुलीवर तापवायचं. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, पाणी शंभरला, म्हणून आधी अल्कोहोलची वाफ वर येते. ती थंड पाण्याच्या भांड्याखाली निवून थेंब थेंब जमा होते. ‘पहिल्या धारेची’ हे मराठीतलं सर्वोच्च प्रशस्तिपत्र इथून आलं. पहिली धार तेज असते हे खरं, पण ती सर्वांत चांगली असतेच असं नाही. सगळ्यात आधी येणाऱ्या वाफेत अल्कोहोलबरोबर झोंबणाऱ्या वासाची हलकी द्रव्यंही असतात. अनुभवी गाळणारा तो सुरुवातीचा भाग बाजूला काढतो. मधल्या टप्प्यात फुलाचा स्वाद असतो. शेवटची धार पातळ, जडसर वासाची येते. कॉन्याकपासून व्हिस्कीपर्यंत जगातल्या कुठल्याही चांगल्या भट्टीत हेच तीन भाग केले जातात. मोहात ‘पहिली धार’ तेजासाठी गाजली. मधल्या धारेचं कौतुक व्हायला हवं होतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. रस्त्याकडेला, ढाब्यामागे ‘मोहाची’ म्हणून जे मिळतं त्यात मोह किती, काळा गूळ किती, नवसागर किती हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तेज वाढवण्यासाठी कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं जाण्याचा धोका. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी नजर जाते, मग जीव. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं अशाच दारूने गेली. वासावरून, जळणाऱ्या निळ्या ज्योतीवरून, बुडबुड्यांवरून शुद्धता ओळखण्याच्या गप्पा ऐकायला मिळतात. मिथेनॉल त्या कशानेही ओळखू येत नाही. म्हणून बेनामी दारू घेऊ नये, कितीही खात्रीच्या माणसाकडून असली तरी.

मग मोहाला लेबल का नाही? याचं उत्तर १८७८ मध्ये आहे. त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने गाव-पाड्यावरचं गाळणं मोडून काढून मध्यवर्ती भट्ट्या आणि मक्तेदार आणले. सरकारला महसूल हवा होता आणि घरच्या मडक्यावर कर बसवता येत नव्हता. १८९२ मध्ये तर मुंबई इलाख्यात खुद्द मोहफुलांवर बंधनं घालणारा वेगळा कायदा झाला. अन्न म्हणून घरात ठेवलेलं फूल संशयास्पद ठरलं. ज्याच्या अंगणात झाड, त्याने दुकानातून महागडी दारू उधारीवर घ्यायची, आणि ती उधारी फेडताना जमीन घालवायची, असा व्यवहार दक्षिण गुजरात आणि खानदेशात रुजला. तिसरं आणि कायमचं नुकसान म्हणजे गाळणारा हातच चोरटा झाला. चोरून काम करणारा माणूस धार वेगळी ठेवत नाही, भांडं घासत बसत नाही, फुलं निवडत नाही. तो घाई करतो. वाइनच्या बाटलीवर मळ्याचं नाव लिहिलं जात होतं त्याच काळात मोहाच्या मडक्यावर छापा पडत होता.

दुसरी बाजू झाकून ठेवली तर लेख खोटा ठरेल. दारूविरुद्धचा सर्वांत मोठा आवाज बाहेरून आला नाही, तो इथल्याच माणसांचा आहे. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेतून ‘देवी’ची लाट आली आणि पश्चिम खानदेशातही पोचली. अंगात आलेली देवी सांगे, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या दुकानदारांकडे जाऊ नका. हजारो आदिवासींनी खरोखर सोडली आणि मक्तेदारांचा धंदा बसला. १९३० च्या दशकात तळोद्याकडच्या मोरवडच्या गुला महाराजांनी सोमवारच्या आरतीला माणसं गोळा करून हाच उपदेश केला. पुढे १९७२-७३ मध्ये शहाद्यात, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या जमिनीच्या लढ्यातून उठलेल्या आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मारहाण करणारे नवरे त्यांनी चव्हाट्यावर आणले. त्या बायकांचं म्हणणं चुकीचं होतं असं म्हणायला मी तयार नाही. त्यांनी जे फोडलं त्यात मजुरी बुडत होती. मोहाच्या प्रतीबद्दल बोलणाऱ्याने त्यांच्यासमोर उभं राहूनच बोलावं. माझा विश्वास आहे की स्वस्त आणि बेनामी दारू घर बुडवते. मोजकी, महाग, नाव असलेली आणि पूजेपुरती किंवा दूरच्या शहरातल्या गिऱ्हाइकासाठी गाळलेली दारू ही त्याच बायकांना फुलाचा भाव मिळवून देऊ शकते. पण ते त्यांनी ठरवावं. आणि ठरवण्याचा अधिकार कागदावर तरी त्यांच्याकडे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहासह गौण वनोपजावर मालकी दिली.

गेल्या काही वर्षांत बाकीच्या चौकटीही हलल्या आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलन, साठवणूक आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. २०२२ मध्ये मोहफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. नर्मदेपलीकडे, आपल्या धडगावला खेटून असलेल्या अलीराजपूरमध्ये मध्य प्रदेशने ‘मोंड’ नावाने मोहाचं वारसा मद्य बाजारात आणलं. तेच डोंगर, तेच फूल, बरेचसे तेच लोक. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. नाशिक खोऱ्याच्या वाइनला ते आहे, नवापूरच्या तूरडाळीला आहे. सातपुड्याच्या मोहाला मिळायला हरकत कोणतीच नाही. जर्मनीसारखीच उतरंड लेबलावर शोभेल: जिल्हा नंदुरबार, तालुका अक्राणी, गाव अमुक, ग्रामसभा अमुक, जाळीवरचा की जमिनीवरचा, कोणत्या वर्षाचा बहर.

तोवर दुकानात मोहाचं परवानाधारक मद्य दिसलं तर काय पाहायचं? गोव्यात २०१८ मध्ये बाजारात आलेलं डेझमंडजी, डहाणूच्या साउथ सीज भट्टीचं मोहाचं मद्य अशी काही नावं आता आहेत. लेबलावर मोहफुलांपासून गाळलेलं असं लिहिलं आहे का, की नुसता ‘मोहाचा स्वाद’ आहे ते पाहा. दुसऱ्या प्रकारात बहुधा साध्या अल्कोहोलला वास दिलेला असतो. फूल कुठलं आहे हे न सांगणाऱ्याला विचारा. लाकडी पिंपात ठेवलेलं असेल तर फुलाची गोडी लाकडाखाली जाते, म्हणून पहिली ओळख बिनरंगी, न मुरवलेल्या मद्याशीच करा. छोट्या, वरून निमुळत्या ग्लासात ओता, थोडं पाणी घाला. पाणी घातल्यावर वास खुलतो, आणि फूल चांगलं नसेल तर मातकटपणाही इथेच उघडा पडतो. कोल्ड्रिंक घालून पिणाऱ्याला मोह कळत नाही, साखरच कळते.

आणि प्यायचं नसेल तर फूलच घ्या. मोलगी-धडगावच्या आठवडी बाजारात एप्रिलमध्ये वाळवलेला मोह मिळतो. मुठीत घेऊन दाबा, सुटला तर घ्या. काळा आणि चिकट असेल तर सोडा. घरी कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजून घ्या, जळू देऊ नका, तीळ घालून कुटा आणि लाडू वळा. गूळ लागत नाही. हवाबंद डब्यात ठेवला तर चांगला वाळलेला मोह पावसाळाभर टिकतो, फक्त डबा उघडताना हात कोरडा हवा.